खालचा थर

बाटली हातात घेतली तेव्हा ताईने तिच्यावरचं लेबल वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती. आतल्या गुलाबी द्रवात कातडीचा एक तुकडा तरंगत होता, टपालाच्या तिकिटाएवढा. तो तिच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या काखेतून काढलेला होता.

"हे तू करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आपल्या माणसाचं काम घेतलं की हात कापतो."

"मग कोण करणार?"

भाजलेल्यांच्या त्या इस्पितळात मागच्या बाजूला एक छोटी प्रयोगशाळा होती. बाहेर एक टेबल आणि पडदा, आत काचेआडची खोली, त्यात पेशी उबवायची दोन कपाटं. ज्यांच्या अंगावर स्वतःची कातडी फारशी उरलेली नसते, त्यांचा एवढासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, बाटल्यांत वाढवायच्या आणि त्यांचे पापुद्रे करून परत त्याच माणसाच्या अंगावर लावायला द्यायचे, हे तिथलं काम. त्यात हात बसलेल्या बायका दोनच. एक ताई. दुसऱ्या मॅडम, आणि मॅडमच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

भावाला सगळे पोपट म्हणायचे. लहानपणी जो बोलायला लागला तो थांबलाच नाही, म्हणून. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खोलीत तो कामाला होता. थिनरच्या पिंपाने पेट घेतला तेव्हा दाराजवळ तोच होता. दार उघडून बाकीच्यांना बाहेर ढकलायला थांबला, असं त्याच्या सोबतचे सांगत होते. ते खरं असेलही. पोपटला एवढं नक्की माहीत असतं की आपण नंतर ही गोष्ट रंगवून सांगणार आहोत. पण आता त्याच्या घशात नळी होती. डोक्यावर जाड टोपी होती म्हणून डोकं वाचलं. काखा, जांघा आणि तळपाय वाचले. पाय वरवर भाजले होते, ते आपले आपण भरणारे होते. बाकी छाती, पोट, पाठ, दोन्ही हात, सगळं गेलं होतं.

ताईने तुकडा औषधात भिजवला. दुसऱ्या दिवशी चिमट्याने धरून वरचा पातळ थर खालच्या जाड थरापासून सोडवला. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा तो निघाला. वरच्या थरातल्या पेशी तिने सुट्या केल्या आणि बाटल्यांत पेरल्या. त्या नुसत्या काचेवर नीट वाढत नाहीत. त्यांच्याखाली दुसऱ्या पेशींचं अंथरूण लागतं, ज्या स्वतः वाढणार नाहीत अशा करून ठेवलेल्या असतात, पण वरच्यांना लागेल ते पुरवत राहतात. प्रयोगशाळेत त्यांना 'दाया' म्हणत. ताईने दाया अंथरल्या, वर भावाच्या पेशी सोडल्या, कपाटाचं दार लावलं आणि मगच खुर्चीत बसून रडली. मॅडमनी तिला रडू दिलं आणि चहा आणायला स्वतः गेल्या.

पेशी लागल्या. पोपटच्याच त्या, चिवट आणि उतावळ्या. आधी एकेकटी, मग चार-पाचांचा पुंजका, मग पुंजक्याला पुंजका भिडायला लागला. वॉर्डात जाऊन भावाला बघताना ताईची नजर त्याच्या बँडेजवरून घसरायची. बाटल्या बघताना मात्र तिला धीर यायचा. इथे तरी तो वाढत होता.

एक दिवस आई आली. पोपटच्या खोलीत एका वेळी एकालाच सोडत, तेही डोक्यापासून पायापर्यंत झाकून, त्यामुळे आई दिवसभर बाकावर बसून असायची. ताईने तिला बाहेरच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यासमोर बसवलं.

"हे काय? फरशी बसवल्यासारखं दिसतंय."

"तुझा मुलगा आहे. एकेक फरशी म्हणजे एकेक पेशी."

आईने चष्मा वर-खाली केला. "आणि हे मधे गोल गोल?"

"त्याला केंद्रक म्हणतात. पेशीने काय बनवायचं, कधी थांबायचं, सगळे हुकूम तिथे लिहिलेले असतात."

"म्हणजे घरातली मी," आई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या.

"हो, तूच. आणि ही बाहेरची कड दिसते ना, ते तिचं आवरण. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते बघतं. आत बारीक दाणे असतात, ते इथून नीट दिसत नाहीत. त्यांच्यात अन्न जाळून पेशीला ताकद मिळते."

"जाळून?"

ताईने जीभ चावली. शाळेच्या पुस्तकापासून तोंडात बसलेला शब्द. आईने पडद्यावरची नजर काढली नाही. तिनेच बोट दाखवलं. "ही बघ, ही अशी फुगून चकाकायला का लागली?"

"तिची दोन होणार आहेत."

मग दोन होईपर्यंत आई उठली नाही. पेशी मधे चिमटत गेली, आणि बघता बघता एका जागी दोन लहान गोल पेशी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. आईने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

पापुद्रे तयार व्हायला आता फार अवधी नव्हता. सर्जनने तारीखही मनाशी धरली होती. सर्जनला इस्पितळात सगळे पाठीमागे शिंपी म्हणत, आणि त्याला ते माहीत होतं. "कापड कधी देतेस?" तो ताईला विचारायचा. "देते, देते," ताई म्हणायची.

आणि एका सकाळी तिने मोठ्या कपाटाचं दार उघडलं.

आधी रंग दिसला. आदल्या संध्याकाळी बाटल्यांतला द्रव गुलाबी होता. आता तो पिवळा पडला होता. पेशींचं खाणं नासलं की तो पिवळा पडतो. तिला वाटलं, आपल्याला नीट दिसत नाहीये, दिव्याचा रंग असेल. तिने एक बाटली उजेडात धरली. तळाशी कापसासारखा बारीक पांढरा पुंजका होता. दुसरीत तसाच. तिसरीत दोन. बुरशी. खालचा खण, वरचा खण, मागची रांग, सगळीकडे.

तिने दार लावलं. पुन्हा उघडलं. जणू मधल्या वेळात काही बदलणार होतं.

मॅडम आल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि तिच्या भोवती बाटल्या मांडलेल्या होत्या.

"ह्या दोन बऱ्या आहेत," ती म्हणाली. "ह्यांच्यात फक्त एकेकच पुंजका आहे. मी धुते. औषध घालते. बुरशीवरचं औषध आहे आपल्याकडे. तीनदा धुते, मॅडम."

"धुऊन जात नाही, तुला माहितीये."

"चारदा धुते."

"ताई."

"एवढ्याच आहेत हो! एवढंच आहे त्याचं!"

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना खाली वाकायची मनाई होती. "उघड्या अंगावर ही बुरशी लावायची का आपण? तू लावशील? मग तो दोन दिवसही काढणार नाही. दे त्या इकडे."

जंतुनाशक ओतायचं काम मॅडमनी केलं. बाटल्यांमागून बाटल्या. ताईने बघितलं नाही, पण आवाज ऐकला. भावाला दुसऱ्यांदा जाळतायत असं तिला वाटलं. हे कपाटाच्या तळातल्या पाण्यातून आलं, की हवेच्या जाळीतून, की तिच्याच हातमोज्यावरून, ते पुढेही कधी कळलं नाही. नमुने तपासायला गेले. आलेल्या उत्तरात बुरशीचं लांबलचक नाव होतं आणि बाकी काही नव्हतं.

एक बाटली वाचली. मोठ्या कपाटात जागा नव्हती म्हणून ती दुसऱ्या, छोट्या कपाटात ठेवली होती. तिच्यातलं पाणी गुलाबी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली फरशी स्वच्छ होती.

सर्जनला सांगायला ती स्वतः गेली. तो शस्त्रक्रियागृहाबाहेर हात धूत होता. तिने सगळं एका दमात सांगितलं.

"एका बाटलीतून पुन्हा सगळं उभं करायला किती दिवस?"

"तीन आठवडे. कमीत कमी."

सर्जनने नळ बंद केला. "तीन आठवडे त्याला उघडं ठेवता येणार नाही. मेलेली कातडी मी काढून टाकली आहे. आता तिथून पाणी जातंय, ताकद जातेय, जंतू आत यायला दारं सताड उघडी आहेत. मेलेल्या माणसांची कातडी तात्पुरती झाकायला वापरतो आपण, पण आपल्या कातडीच्या पेढीचा फ्रिज रिकामा आहे. मी सगळीकडे फोन केले. कुणाकडे नाही. त्याच्या स्वतःच्या डोक्यावरची आत्ता ओंजळभरही निघणार नाही."

"जिवंत माणसाची चालेल ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माझी घ्या," ताई म्हणाली. "मांड्यांची. पाठीची. जेवढी निघेल तेवढी."

"ती टिकणार नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणावर त्या त्या माणसाच्या खुणा असतात. त्याचं शरीर तुझ्या पेशी ओळखणार आणि फेकून देणार. हे तुला मी सांगायला हवं का?"

"लगेच नाही ना फेकणार. एवढं भाजल्यावर शरीराची पारख मंद होते. तेवढ्यात माझ्या बाटल्या तयार होतील."

सर्जन भिंतीला टेकला. थकलेला माणूस होता. "फेकतात त्या मुख्यतः वरच्या थराच्या पेशी," तो हळूहळू म्हणाला, स्वतःशीच हिशेब मांडल्यासारखा. "खालचा जाड थर, त्यात पेशी कमी, धागेच जास्त. तो पुष्कळदा राहतो. वरचा तुझा थर खरवडून काढायचा आणि त्या गादीवर त्याचे पापुद्रे लावायचे. नुसत्या मांसावर लावण्यापेक्षा तिथे ते चांगले धरतात." मग तो भानावर आला. "पण तू आडवी पडलीस तर पापुद्रे कोण करणार? आणि मांड्या सोललेल्या अवस्थेत तू त्या खोलीत तासन् तास उभी राहणार? दुखणं म्हणजे काय असतं ते तुला ठाऊक नाही."

"मॅडम दोन दिवस बाटली सांभाळतील. मग मी येते."

"तुझ्या एकटीची पुरणारही नाही."

"जेवढं झाकेल तेवढं झाका," ती म्हणाली. आवाज चढला होता, बाजूने जाणारी नर्स थांबली. "पण झाका!"

घरच्यांना सांगणं त्याहून अवघड गेलं. बाकावर आई होती आणि शेजारी भावजय, पोपटची बायको. तिची लहान मुलगी शेजारणीकडे ठेवलेली. ताईने सांगितलं तेव्हा आईने फक्त डोळे मिटले. भावजय उभी राहिली.

"सगळ्या गेल्या? एवढे दिवस तुम्ही रोज सांगत होतात, छान वाढतायत, छान वाढतायत."

"वाढत होत्या गं."

"मग? झाकण नीट लावलं नव्हतं का? इतकी वर्षं तेच काम करता ना तुम्ही?"

"अगं, हळू," आई म्हणाली.

"का हळू? हिच्या भरवशावर बसले होते मी! त्याच्या कानात रोज सांगत होते, तुझी ताई करतेय, तुझी ताई करतेय!" तिचा आवाज फाटला. "आता काय सांगू त्याला?"

आपण कातडी देणार आहोत हे ताईने सांगितलं, तेही खाली मान घालून, जणू परवानगी मागत होती. आई लगेच म्हणाली, माझी घ्या. पण आईचं वय आणि तिची साखर बघता तिला कुणी टेबलावर घेणार नव्हतं. भावजय निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ताईला ऑपरेशनच्या आधीच्या खोलीत नेलं तेव्हा शेजारच्या खाटेवर भावजय होती. हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले. तपासण्या आदल्या दिवशीच करून घेतल्या होत्या तिने, कुणालाही न सांगता.

"तू कशाला?" ताई म्हणाली.

"तुमची पुरत नाही म्हणाला ना शिंपी."

शुद्धीवर आल्यावर ताईला कळलं, सर्जन खरं बोलत होता. दुखणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मांड्यांवर कुणी निखारे पसरून ठेवलेत आणि त्यांवर फुंकर घालतंय, असं. इतकी वर्षं तिने कातडीचे तुकडे बाटल्यांतून आलेले पाहिले होते. जिथून ते येतात तिकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. शेजारच्या खाटेवरून हुंदका आला.

"रडतेस?"

"नाही. शिव्या देतेय."

"कुणाला?"

"तुम्हाला," भावजय म्हणाली. मग म्हणाली, "त्याला पण. दार धरून उभं राहायला कुणी सांगितलं होतं याला? मोठा आला शूर."

ताईला हसू आलं आणि हसल्यामुळे मांड्या इतक्या ओढल्या गेल्या की ती ओरडली. मग दोघी ओरडल्या. नर्स धावत आली तेव्हा दोघी हसतायत की रडतायत हे तिला समजेना.

दोघींची कातडी जाळीदार करून ताणली तरी ती छाती, पोट आणि एक हात एवढ्यालाच पुरली. पाठ आणि दुसरा हात नुसत्या पट्ट्यांखाली राहिले.

दोन दिवसांनी ताई प्रयोगशाळेत आली. पाय फाकवून, भिंत धरून. मॅडमनी तिच्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं होतं. त्यावर बसताच येईना, म्हणून तिने उभ्यानेच काम सुरू केलं. एका बाटलीच्या तिने आधी चार केल्या. पेशी सोडवायच्या, नव्या दाया अंथरायच्या, वर पेरायच्या. सोडवायचं औषध जरा जास्त वेळ राहिलं की पेशींची आवरणं फाटतात. कमी राहिलं की त्या निघतच नाहीत. एरवी तिला घड्याळ लागत नसे, हाताला कळायचं. आता मात्र ती हातावर विश्वास ठेवत नव्हती. प्रत्येक झाकण ती लावायची आणि पुन्हा बघायची. मोठं कपाट सीलबंद करून टाकलं होतं. छोट्या कपाटाचं दार उघडलं की दर वेळी ती आधी रंग बघायची: गुलाबी. गुलाबी. गुलाबी.

बाटल्या चारच्या पुढे वाढत गेल्या. पण पेशींना घाई करता येत नाही. एकीच्या दोन व्हायला आतली सगळी आज्ञावली आधी नकलून काढावी लागते, अक्षरन् अक्षर, आणि ती नक्कल बिनचूक झाली की नाही हे पेशी स्वतःच तपासते. तिला लागायचा तो वेळ लागतोच. ताई पडद्यासमोर उभी राहून त्यांना दटावायची. "चल ना रे. लहानपणी जेवायला बसवलं तरी असाच वेळ लावायचास."

वॉर्डात पोपटला ताप चढला. मग मूत्रपिंडं थकली आणि त्याला यंत्रावर घ्यावं लागलं. सर्जन आता "कापड कधी" असं विचारत नव्हता; नुसता दाराच्या काचेतून बघून जायचा. मग एक दिवस तो आत आला.

"तुझी कातडी काळी पडायला लागली आहे."

ताईला सुरुवातीला कळलंच नाही. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"त्याच्या छातीवरची," सर्जन म्हणाला. "कडांनी. तुझ्या भावजयीची आधी सुरू झाली, आता तुझी. त्याचं शरीर तुम्हाला ओळखायला लागलंय. किती तयार आहे?"

"समोरच्या बाजूपुरते पापुद्रे होतील. पाठीचे नाहीत."

"समोरचे दे."

"अजून तीन-चार दिवस मिळाले तर जाड होतील, धरतील..."

"नाहीत माझ्याकडे."

ताईने पापुद्रे सोडवले. कांद्याच्या आतल्या सालीइतके पातळ, जरा वारा लागला तरी गुंडाळून जातील असे. एकेक पापुद्रा तिने जाळीच्या कापडावर घेतला, कडेला चिमटे लावले, डब्यात ठेवला. डबे तिने कुणाच्या हातात दिले नाहीत. स्वतः नेले, शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत, एक पाय ओढत. दार लागलं आणि तिचे हात रिकामे झाले. तेव्हा तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. यापुढे तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. बाटलीत तिने बुरशी अडवली असती, उष्मा राखला असता, खाणं बदललं असतं. आता त्या पेशी एका आजारी अंगावर होत्या आणि त्यांनी धरायचं की सोडायचं हे त्यांचं त्याच ठरवणार होत्या.

पट्टी आठवडाभर उघडायची नव्हती. तो आठवडा तिघींनी बाकावर काढला. भावजय ताईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. त्यांच्यात भांडणाचा विषय पुन्हा निघाला नाही, पण मिटलाही नव्हता. तो दोघींच्या मधे बाकावरच बसलेला असायचा. एकदा आईने विचारलं, "एवढं करून नाही धरलं तर?" मग तिने ते पुन्हा विचारलं नाही.

पट्टी उघडली तेव्हा ताई आत होती. सर्जनने जाळी पाण्याने भिजवून हळूच उचलली. पोटावरचा एक मोठा भाग लाल आणि ओला होता. तिथलं गेलं होतं. मग त्याने छातीवरची जाळी उचलली. खाली फिकट, चकचकीत, मेणकापडासारखं काहीतरी होतं. सर्जनने बोटाने अगदी हलकं दाबून सरकवून पाहिलं. ते सरकलं नाही.

"धरलंय," तो म्हणाला.

हातावरचंही बरंचसं धरलं होतं. पाठीचं आणि दुसऱ्या हाताचं मात्र लांबत गेलं. ताईने दुसऱ्या खेपेला पापुद्रे दिले, ते नुसत्या मांसावर टिकले नाहीत. जवळपास सगळे वाहून गेले. मग सर्जनने पोपटचं डोकं भादरलं आणि तिथली कातडी थोडी थोडी काढून पाठीला आणि त्या हाताला लावत राहिला. डोक्यावरची लवकर भरून येते. भरली की पुन्हा काढायची. महिनोन् महिने तेच. मधे एकदा रक्तात जंतू गेले आणि डॉक्टरांनी भावजयीला बोलावून बसवून सांगितलं की मनाची तयारी ठेवा. तिने मनाची कसलीही तयारी केली नाही. सरळ घरी गेली, मुलीला न्हाऊमाखू घातलं आणि परत आली. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. घशातली नळी निघाली तेव्हा पोपटच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं तो शब्द नव्हता, नुसता खरखराट होता.

तो जगला.

घरी आला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्याची मुलगी दोन आठवडे त्याच्याजवळ गेली नाही. दारामागून बघायची आणि पळायची. नव्या कातडीला घामाच्या ग्रंथी नव्हत्या, केस नव्हते. त्या पापुद्र्यांत वरच्या थराच्या पेशी तेवढ्या होत्या. घाम गाळणाऱ्या, केस उगवणाऱ्या जागा बाटलीत तयार होत नाहीत. त्यामुळे जरा उकडलं की त्याचं अंग तापायचं आणि निवायचं नाही. भावजय ओला टॉवेल घेऊन त्याच्या मागे मागे असायची. तो कधी तिच्यावर खेकसायचा. कधी, दोघंच असताना, ताईला विचारायचा, "कशाला वाचवलंत?" ते गमतीत नसायचं. तेव्हा ताईला खोटं काही सुचत नसे आणि खरं काही पुरत नसे.

एका रविवारी ती गेली तेव्हा तो पंख्यासमोर उघड्या अंगाने बसला होता. छाती चट्ट्यापट्ट्यांची, जाळीच्या खुणा अजून दिसत होत्या.

"ताई, खरं सांग," तो खरखरीत आवाजात म्हणाला. "ही म्हणते की हे खालचं तुमचं आहे, वरचं माझं. खरंय?"

"खालचा जाड थर आमचा. तो राहिला. वरच्या आमच्या पेशी तू हाकलून दिल्यास."

"मी?"

"तुझ्या शरीराने."

"म्हणजे मी." तो विचारात पडला. मग उरलेल्या तीन बोटांनी त्याने छातीची उजवी बाजू चाचपली. "इथे कोण आहे?"

"तिथे बहुतेक मी. डावीकडे ती."

"उजवीकडे फार खाजतं," पोपट म्हणाला. "सारखं. एक क्षण स्वस्थ बसू देत नाही. डावीकडे एवढं नाही."

आतून भावजय हसल्याचा आवाज आला.

"खाजव मग," ताई म्हणाली.

"खाजवायचं नाही म्हणून शिंप्याने बजावलंय. वर हात फिरवायचा फक्त." त्याने हात खाली ठेवला. "आणि हात फिरवला तरी काही कळत नाही, ताई. कुणी हात ठेवलाय, एवढंच डोळ्यांना दिसतं."

ताईने खुर्ची पुढे ओढली. मांड्या अजून वाकताना ताणायच्या. तिने तेल घेतलं, तळहातावर कोमट केलं, आणि सांगितलं होतं तसं, दाब न देता, त्याच्या छातीवर गोल गोल फिरवायला लागली. पोपट बोलायला लागला. कारखान्यातल्या एका मित्राची गोष्ट, मग आणखी कुणाची. घसा बसत होता तरी बोलत होता. भावजय ओला टॉवेल पिळून घेऊन आली आणि त्याच्या पाठीमागे उभी राहिली.